बैल मागं जुंपलेली होडी

पंडित मिस्तरीचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. साखर कारखान्यात पहिली पाळी चारला लागते. तिथं अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाचे डोळे तीनला उघडतात ते उघडतातच. पुढं सलग दुष्काळ पडला, ऊस संपला आणि सहकारी कारखान्याचं धुराडं थंड झालं. पाळी गेली, पगार गेला. तीनला जाग येणं काही गेलं नाही. चूळ भरायची, कोरा चहा घ्यायचा आणि दारापुढच्या पत्र्याच्या शेडात कालच्या कामाचे कोपरे कानशीनं घासत बसायचं. वेल्डिंग उजाडल्यावर. शेजाऱ्यांची झोप मोडून केलेल्या कामाला तो काम म्हणत नसे.

कारखान्यात तो ऊस वाहायच्या गाड्या दुरुस्त करायचा. त्याआधी स्वतःच त्या गाडीवर होता. पंधराव्या वर्षी थोरली बहीण बायनाबाई आणि मेव्हणे यांच्यासोबत तो ऊसतोडीला गेला. कोयता बहिणीनं हातात दिला, मोळी बांधायलाही तिनंच शिकवलं. सहा हंगाम त्यांच्या गाडीवर काढले. मग कारखान्याच्या गाडीदुरुस्तीच्या शेडात चिकटला तो कारखाना बंद होईपर्यंत.

कारखाना बंद पडल्यावर त्यानं घरीच वेल्डिंगचं यंत्र घेतलं आणि जीपगाड्यांना मागचे बाक करून द्यायला लागला. नेकनूर-बीड रस्त्यावरच्या निम्म्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये त्याचेच बाक. दहा वर्षांत एकाचाही टाका सुटला नाही. दहाच्या जागी सोळा माणसं बसली तरी सुटला नाही. लोक त्याला मागच्या सीटचा मिस्तरी म्हणायचे.

म्हणूनच मच्छीमार संस्थेचे चेअरमन सुंदरराव एका सकाळी त्याच्या शेडात येऊन बसले.

"मिस्तरी, एक मागची सीट टाकायचीय."

"आणा गाडी."

"गाडी न्हाई. बोट हाय."

पंडितनं कानस खाली ठेवली. "चेअरमन, म्या आयुष्यात बोटीत पाय ठेवल्याला न्हाई."

"मग आमी कवा ठेवलता? आपण सगळे कोरडवाहू माणसं. धरणात रानं गेली म्हणून मासेवाले झालो."

ते खरं होतं. ज्यांच्या जमिनी धरणाच्या पाण्याखाली गेल्या त्यांनी मिळून ही संस्था काढली होती. पाणी असेल तेव्हा मासे धरायचे. दुष्काळात पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या गाळात खरबूज आणि ज्वारी पेरायची. मागच्या दुष्काळात तर धरणाचा तळ दिसला. संस्थेची जुनी पत्र्याची होडी दोन उन्हाळे भेगाळल्या चिखलावर पडून राहिली, तिचे सांधे उकलले आणि पुढच्या वर्षी धरण भरलं तेव्हा ती चाळणी झालेली होती. मग संस्थेनं कोकणातून एक जुनी बोट आणली. खाली फायबरचा कडक तळ, दोन्ही अंगांना आणि नाकाला हवा भरलेली रबराची जाड नळी. लांबी तेरा फूट. मधोमध चालवणाऱ्याची एक सीट, तिच्या मागं मोकळी जागा आणि अगदी शेवटी इंजिन. लोक तिला ट्यूबवाली म्हणायचे. बसायचं असेल तर त्या ट्यूबवर बसा, नाहीतर खाली फतकल मारा.

"बसू द्या की ट्यूबवर," पंडित म्हणाला.

सुंदरराव म्हणाले, "तुमच्या बहिणीचंच हाय ते. कानावर आलं न्हाई का?"

आलं नव्हतं. बायनाबाई ते सांगणारी नव्हती. ती पाण्याच्या पलीकडं, पुनर्वसनाच्या वस्तीत राहायची. मेव्हणे जाऊन बरीच वर्षं झाली होती. मासे उतरायचे अलीकडं, धरणाच्या भिंतीजवळच्या काठावर, आणि तिथं काट्यावर मासे तोलून द्यायचं काम तिचं. बारा वर्षांत काट्यावरून भांडण झालं नव्हतं, कारण ती काटा स्थिर झाल्याशिवाय तोंड उघडायची नाही आणि उघडलं की आकडा चारचौघांना ऐकू जाईल असा म्हणायची. पत्र्याच्या होडीत फळी होती, तिच्यावर बसून ती यायची. या बोटीत पहिल्याच आठवड्यात ओल्या ट्यूबवरून घसरली. लागलं नाही, पण खाली बसली ती उठेना. गुडघे गेलेले. दोन माणसांनी काखेत हात घालून तिला उचललं, आणि काठावर बघणारे होते. दुसऱ्या दिवसापासून ती एसटीनं यायला लागली. रस्त्यानं फेरा सव्वीस किलोमीटरचा, गाडी पोचते दहाला. मासे तोलतात सहाला.

"महिनाअखेरपर्यंत मी कसंबी निभावतो," सुंदरराव म्हणाले. "त्याच्या म्होरं काटा दुसऱ्याला द्यावा लागंल. मासा थांबतोय व्हय आक्कासाठी?"

महिना संपायला एकोणीस दिवस होते.

पंडितनं फार विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी काठावर जाऊन त्यानं बोटीची मापं घेतली. बोट चालवणारा सटवा चाळिशीचा, तोंडानं सैल.

"मिस्तरी, जीपचीच सीट टाकणार का वो? मागं लटकायला दांडा बी ठिवा. दोन गिऱ्हाईक तिथंबी बसतेन."

"तू इंजिन बंद ठिव आन् तोंडबी."

तळाला भोक पाडायचं नाही, हे पंडितला कुणी सांगावं लागलं नाही. ट्यूबजवळ ठिणगी न्यायची नाही, हेही नाही. सगळं वेल्डिंग त्यानं काठापासून लांब, स्वतःच्या शेडात केलं. बीडला पाण्याच्या टाक्या आणि जीपचे टप दुरुस्त करणारा फायबरवाला होता. त्याला विचारून चार लोखंडी पट्ट्या तळावर फायबरच्या कापडानं आणि राळेनं चिकटवल्या. पट्ट्यांतून बोल्ट वर आलेले, त्यांवर सीट कसायची. राळ सुकल्यावर एकेका पट्टीला दोर बांधून त्यानं स्वतःचं अंग मागं टाकलं. हलली नाही. मग बाक बनवला. अँगलचा सांगाडा, जाड फळी, पाठ टेकायला पट्टी. उंची अठरा इंच, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या बाईला बसायला सोपी. बाक त्यानं बसवला अगदी मागं, इंजिनाला लागून. जीपचा भार मागच्या चाकांवर असतो, सीट चाकांवर येते. हात आपोआप तिकडं गेले. या सगळ्यात दोन दिवस गेले.

माणसं बसवायच्या आधी त्यानं चार गोण्यांत वाळू भरली. काट्यावर तोलून प्रत्येक गोणी पंचावन्न किलोची केली आणि चारही बाकावर बांधल्या. सटवाला बसवलं, बोटीला लांब दोर लावून त्याचं टोक काठावरच्या दोघांच्या हातात दिलं. एसटीनं आलेली बायनाबाई काठावर पोत्यावर बसून बघत होती.

हळू जाईपर्यंत सगळं ठीक होतं. सटवानं जोर दिला तसं बोटीचं नाक वर उचललं, इतकं की त्याला पुढचं पाणी दिसेना. त्यानं घाबरून एकदम जोर कमी केला. बोट थांबली, मागून येणारी तिचीच लाट थांबली नाही. ती इंजिनावरून आत शिरली. घोट्याएवढं पाणी झालं.

"वढा बे, वढा!" सटवा ओरडला.

ओढली. इंजिन बंद पडलं होतं, बाकी काही बिघडलं नाही. पंडित गुडघाभर पाण्यात उतरून बाकाकडं बघत उभा राहिला.

बायनाबाई पोत्यावरून म्हणाली, "आरं पंडित, गाडी उलाळ झाली की."

बैलगाडीत मागं भार जास्त झाला की जू वर उचलतं आणि बैलांच्या माना ताणतात, त्याला उलाळ म्हणतात. पंडितला हा शब्द नवा नव्हता. अठ्ठावीस वर्षं तो उलाळ गाड्याच नीट करत आला होता.

"आक्का, गाडी न्हाई ही," सटवा अंग पुसत म्हणाला. "बोट हाय."

"आसंल. हिला बैल कुठं जुंपलेत?"

सटवानं इंजिनाकडं बोट दाखवलं.

"मागं?" बायनाबाई म्हणाली. "बैल मागं, आन् आमाला बसिवतोस बैलाच्या पाठीवर?"

काठावरची माणसं हसली. सटवाही हसला. पंडित हसला नाही. त्याला ते पटलं होतं. इंजिन हेच मुळात मागचं ओझं होतं. त्यावर त्यानं चौतीस किलोचा बाक आणि चार माणसं चढवली होती. चाक तर खाली नव्हतंच. त्यानं पाना मागवला आणि तिथंच, उन्हात, स्वतः सगळे बोल्ट सोडले. सटवा मदतीला आला तेव्हा त्याला बाजूला सारलं. चुकलेलं काम ज्याचं त्यानं उतरवायचं.

"राहू द्या आता," सुंदरराव म्हणाले. "न्हाई जमत तर न्हाई."

"उलाळ गाडी फेकून देत न्हाईत, चेअरमन. ओझं म्होरं सरकवत्यात."

पण किती पुढं? गाडीला आस असतो, चाकं ज्यावर फिरतात तो. त्याच्या अलीकडं-पलीकडं ओझं तोलता येतं. पाण्यावरच्या बोटीचा आस कुणी बघितलाय? पंडितनं तो शोधायचं ठरवलं. सटवाला त्याच्या जागेवर बसवलं, इंजिन मागं आहेच. बोटीच्या नाकाला आणि शेपटीला पाणी जिथं टेकतं तिथं खडूच्या रेघा मारल्या. मग एक गोणी शेवटी ठेवली आणि वीत-वीत पुढं सरकवत गेला. प्रत्येक वेळी पाणी शांत होईपर्यंत थांबायचं, मग दोन्ही रेघा बघायच्या. गोणी मागं असली की शेपूट बुडायची आणि नाक उठायचं. पुढं नेली की उलटं. सकाळी साडेसातपासून दुपारी एकपर्यंत हेच. सटवा बसून बसून वैतागला.

"मिस्तरी, म्या माणूस हाय का वजनमाप?"

"तुजं वजन मोजूनच काम चाललंय. जाग्यावरून हलू नको."

इंजिनापासून पावणेतीन हातांवर गोणी ठेवली तेव्हा दोन्ही रेघा सारख्याच बुडाल्या. पंडितनं गोणी उचलली, पुन्हा ठेवली. पुन्हा सारख्याच. तीनदा करून बघितलं आणि मगच तिथं खडूनं फुली मारली. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी मागं होत्या, त्या नाकाकडं न्यायचंही त्याच दिवशी ठरलं.

त्या फुलीवर सीट कशी बसवायची तेही त्याला दिसलं. टांग्यासारखी. पाठीला पाठ, दोन माणसं पुढं तोंड करून, दोन मागं. म्हणजे भार फुलीच्या दोन्ही अंगांना सारखा पडतो आणि एकाच पाठीला चौघं टेकतात. अँगल रद्द केला. पातळ स्टीलचा पाइप आणि पाण्यात न फुगणारी फळी घेतली.

उंचीपाशी मात्र काम अडलं. गोण्या अठरा इंचांवर ठेवल्या की बोट नुसत्या वाऱ्यानंही डोलायची. खाली आणत आणत एक वीत चार बोटांवर, म्हणजे बारा इंचांवर, ती स्थिर झाली. बोटीला बारा पाहिजेत. बायनाबाईच्या गुडघ्यांना किती पाहिजेत?

ते बघायला त्यानं बहिणीला मुक्कामाला ठेवून घेतलं. सकाळी अंगणात विटा रचून तिला बसवलं. पंडितची बायको वत्सलाबाई भाकरी टाकता टाकता दारातून बघत होती. अठरा इंचांवर आक्का बसली, उठली. एक थर काढला. पंधरावर बसली, गुडघ्यांवर हात दाबून उठली. आणखी एक थर. बारावर बसली. उठेना. वत्सलाबाई धावली तसा बायनाबाईनं हात आडवा केला.

"हात लावू नको गं. बघू दे त्याला."

पंडित विटांकडं बघत राहिला. "मग जमत न्हाई, आक्का. बोट बाराच्या वर ऐकत न्हाई."

"जमत न्हाई कसं? बसले की म्या. बसायचं जमतंय, उठायचं जमत न्हाई. तू नुसतं बसायचं माप घ्यायलास. उठायचं कोण घेणार, तुजा बाप?"

"बाप तुजाबी त्योच व्हता," पंडित म्हणाला. दारात वत्सलाबाईला हसू आवरेना.

"मला म्होरं धरायला काय तरी दे. घरी म्या बाजंवरून कशी उठते? खांब धरून."

पंडित शेडातून हातभर पाइप घेऊन आला. तिच्यापुढं उभा राहून तो आडवा धरला.

"उठ."

ती उठली, पण पाइप लांब होता, खांदा ओढला गेला. त्यानं तो वीतभर जवळ घेतला. आता इतका जवळ झाला की उठताना छातीला लागला. मग दोन बोटं लांब. मग उंची: वर, खाली, परत वर. प्रत्येक बदलाला ती बसायची आणि उठायची. तोंडानं काही बोलायची नाही. तिचा चेहरा बघून पंडित पाइप हलवायचा. शेवटी एका जागी ती विनासायास उठली, आणि उठून उभीच राहिली.

"हितं," ती म्हणाली.

"आणखी नऊ बार उठ."

"आरं, म्हातारी हाय म्या."

"बोटीत रोज उठायचंय तुला. दहाव्या बारीला पण उठता आलं तर माप खरं."

ती दहा वेळा उठली. दहाव्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण उठली. पंडितनं भिंतीवर कोळशानं दोन आकडे लिहिले: जमिनीपासून पंचवीस इंच, सीटपासून अठरा.

पुढचे दिवस नुसते कामाचे. पाइप वाकवताना चेपू नये म्हणून आत वाळू ठासून भरली. प्रत्येक टोक कानशीनं गोल केलं. रबरावर टोक घासलं की बोटीचं आयुष्य संपलं. तळावरच्या जुन्या पट्ट्या तासून काढल्या आणि नव्या फुलीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. चालवणाऱ्याच्या सीटच्या पाठीला तो धरायचा दांडा कोळशाच्या मापानं बसवला आणि हात घसरू नये म्हणून त्यावर सुतळी गुंडाळली. सगळी सीट पंधरा किलोंची झाली.

गोण्या बांधून सटवानं बोट नेली. जोर दिला तसं नाक जरा उठलं आणि बसलं. त्यानं जोर एकदम सोडला. मागची लाट येऊन इंजिनाखाली फुटली, आत थेंब आला नाही. त्यानं मुद्दाम आणखी दोनदा तसंच केलं. मग गोण्यांच्या जागी पट्टीची पोहणारी चार माणसं बसवून काठाकाठानं एक फेरी मारली. काठाला लागल्यावर तो म्हणाला, "मिस्तरी, आता ही गाडी उलाळबी न्हाई आन् धुरंला जडबी न्हाई." धुरंला जड म्हणजे उलाळच्या उलटं, पुढं भार जास्त होऊन बैलांच्या मानेवर येणारी गाडी.

महिना संपायला पाच दिवस होते.

बायनाबाई बसायला निघाली तेव्हा सटवानंच तिला अडवलं. तोंडाचा सैल असला तरी एका बाबतीत तो कडक होता.

"आक्का, जॅकेट न्हाई तर बसायचं न्हाई. पहिल्या आठवड्यात तसंच चालवून घेतलं, ती चूक माजी. बोटीसंगं तीनच आलेत. एक माजं, दोन पलीकडल्या वस्तीतल्या पोरींची. त्या पाचला बोटीत येत्यात जाळी घिऊन."

सीट चार माणसांची होती. अंगावर घालायला पाण्यावर तरंगणारी जॅकेटं तीन. सुंदरराव म्हणाले, "घेऊ की. पण खरेदी बैठकीत मंजूर करावी लागती. बैठक पुढच्या म्हैन्याच्या धा तारखेला."

"पुढच्या म्हैन्यात काटा कुणाकडं आसंल?" पंडितनं विचारलं.

सुंदररावांनी मजुरीचं पाकीट पुढं केलं. "नऊ दिवस झाले तुमचे."

"सात," पंडित म्हणाला. "पहिले दोन दिवस चुकल्याले. चुकल्याल्या कामाची मजुरी म्या कारखान्यातबी घेतली न्हाई."

सातची घेतली. घरी येऊन त्यानं नगरला दुकानात फोन लावला. दुकानदारानं विचारलं, माणसाचं वजन किती?

"एक्कावन्न किलो," पंडित म्हणाला. आक्काला त्यानं तिच्याच काट्यावर तोललं होतं.

फोन ठेवायच्या आत चुलीपाशी बसलेली बायनाबाई म्हणाली, "एकच मागवलास?"

"तुलाच पायजे ना?"

"चार जागेची सीट केलीस आन् एका बाईला जॅकेट आणतोस. माज्या बाजूला जी बाई बसंल तिनं काय करायचं, माज्या पदराला धरायचं? एकच आणलंस तर म्या घालणार न्हाई. काठावर लोक म्हणतेन, मिस्तरीनं बहिणीपुरती बोट केली."

पंडितनं परत फोन लावला.

पार्सल आष्टीच्या एसटीनं आलं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी साडेपाचला पंडित काठावर उभा होता. पाण्यावर उजेड फुटत होता, पलीकडून बोट येत होती, नाक खाली, सरळ. पुढं तोंड करून बायनाबाई बसली होती, तिच्या पाठीला पाठ लावून जाळीवाल्या दोन पोरी. आक्काचा पदर खोचलेला, त्यावर नारिंगी जॅकेट, दोन्ही हात सुतळीच्या दांड्यावर. बोट काठाला टेकली. सटवानं हात पुढं केला, तिनं तो घेतला नाही. दांडा धरून उठली आणि खाली उतरून सरळ काट्याकडं गेली.

"लई आवळतंय हे," जॅकेटचा पट्टा ओढत ती म्हणाली. पंडितनं तो दोन बोटं सैल करून दिला.

पहिली टोपली काट्यावर चढली. काटा हलत होता तोवर ती गप्प राहिली. तो थांबला तसा तिनं आकडा म्हटला, भिंतीपर्यंत ऐकू जाईल असा.

पंडितच्या सात दिवसांच्या मजुरीत दोन जॅकेटं आली. एक बायनाबाईच्या अंगावर होतं. दुसरं अजून नवं, कोरं, तिच्या शेजारच्या जागेवर पट्ट्यानं बांधून ठेवलं होतं, जी कोणी पुढच्या खेपेला बसेल तिच्यासाठी.